ओटीटीवरील हिंसक दृश्ये आणि चुकीची वयश्रेणी : तक्रार कोणी व कशी करावी?

चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ओटीटीसाठी, म्हणजे इंटरनेटवरून दाखवण्यासाठी, तयार झालेल्या मालिकेला ते लागत नाही. तिची वयश्रेणी प्रसारक (ती दाखवणारी ओटीटी कंपनी) स्वतःच ठरवतो आणि त्यासाठीचे निकष केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान नियम, 2021 मध्ये दिलेले आहेत. यू (सर्वांसाठी), यूए 7+, यूए 13+, यूए 16+ (त्या वयाखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्यासाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) अशा या पाच श्रेणी आहेत. यूए 13+ व त्यावरील श्रेणींसाठी पॅरेंटल लॉकची (पालकांना कार्यक्रम मुलांसाठी बंद ठेवता येण्याची) सोय देणे, ए श्रेणीसाठी वयाच्या पडताळणीची विश्वासार्ह व्यवस्था ठेवणे आणि कार्यक्रम सुरू होतानाच श्रेणीसह आशयाची सूचना दाखवणे, या तिन्ही गोष्टी नियमांनी प्रसारकावर सोपवलेल्या आहेत.

तक्रार कोणतीही व्यक्ती करू शकते. त्यामुळे पालकांप्रमाणेच आजी-आजोबा किंवा शिक्षकही पुढे येऊ शकतात. तक्रार प्रथम संबंधित प्रसारकाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच पाठवावी. त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये दिलेला असतो.

कागदपत्रांची ठरावीक यादी नियमांत नाही, म्हणून पुरावा आपणच नीट जमवावा लागतो. मालिकेचे नाव, सीझन, भाग, पाहिलेली भाषा, वयश्रेणीचा स्क्रीनशॉट आणि दृश्य नेमके कोणत्या मिनिटाला येते, एवढे तरी अर्जात असलेच पाहिजे. ‘मालिका फार हिंसक आहे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी फारसे काही करू शकत नाही. ‘तिसऱ्या भागात अठराव्या मिनिटाला गळा चिरण्याचे दृश्य जवळून दाखवले आहे, श्रेणी मात्र यूए 13+ आहे आणि सुरुवातीच्या सूचनेत हिंसेचा उल्लेख नाही’ असे लिहिले, तर त्याला मुद्देसूद उत्तर द्यावेच लागते. लॉक असूनही भाग उघडत असेल, तर त्याचे चित्रीकरण जोडावे. त्याआधी मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावलेला आहे ना, हे तपासावे, कारण तो नसेल तर मूल दोन बटणांत त्या प्रोफाइलवर जाते आणि लॉक निकामी असल्याचा आपला दावा टिकत नाही.

नियमांनुसार पोचपावती 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत मिळायला हवा. मुदतीत निर्णय कळवला नाही, तर तक्रार प्रसारकांच्या स्वनियामक संस्थेकडे (प्रसारकांनीच स्वतःवर देखरेखीसाठी स्थापलेल्या संस्थेकडे) जाते. निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून 15 दिवसांत तिच्याकडे अपील करता येते आणि त्यानंतरचा स्तर केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेचा आहे. मात्र या त्रिस्तरीय रचनेचा आधार असलेल्या नियम 9 च्या उपनियम (1) व (3) ला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती, हे अपील करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

अर्जाच्या शेवटी काय हवे ते स्पष्ट मागावे. स्वनियामक संस्था श्रेणी बदलण्यास किंवा आशयाची सूचना दुरुस्त करण्यास सांगू शकते, म्हणून पहिल्या अर्जातही ‘श्रेणी यूए 16+ किंवा ए करावी’ अशीच मागणी नोंदवावी.