घोडा बुजतो, स्वारही बुजतो

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईत आणि आसपास निळी ताडपत्री दिसत नाही असा रस्ता सापडणार नाही. पावसाळा तोंडावर आलेला असतो. शहराबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मी दुडकी चाल शिकत होते आणि शेजारच्या शेडवर दोन माणसं अशीच ताडपत्री ओढत होती. वाऱ्याने तिचं एक टोक फडकलं. घोडा पापणी लवायच्या आत डावीकडे सरकला आणि माझं शरीर सरळ पुढे गेलं. बसने अचानक वळण घेतलं की उभे असलेले आपण जसे बाहेरच्या बाजूला फेकले जातो, तसंच. जडत्वाचा नियम. पडताना उजवा हात आपोआप पुढे टेकला गेला. शिकवणारे धावत आले, त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "लगेच परत बसा मॅडम, नाहीतर भीती बसेल." मी बसले, दोन फेऱ्याही मारल्या. संध्याकाळी एक्स-रे काढला तेव्हा मनगटाच्या हाडाला चीर गेलेली दिसली.

दीड महिन्यात प्लास्टर निघालं, भीती मात्र तिथेच राहिली. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली आणि एका संध्याकाळी दादरला समोरून वरात आली. पांढरा घोडा, गळ्यात घुंगरांची माळ. घोडा दिसायच्याही आधी घुंगरांचा आवाज आला आणि माझे तळवे ओले झाले. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. मोकळा श्वास आला. त्या मोकळ्या श्वासाने माझं किती नुकसान केलं, हे नंतर वाचन करताना कळलं.

मराठीत घोडा 'बुजतो'. पाहुण्यांच्या घरी गेलेलं लहान मूलही बुजतं. शेतातल्या बुजगावण्याच्या नावातही तोच शब्द आहे. जनावराच्या आणि माणसाच्या भीतीला आपल्या भाषेने एकच शब्द दिला, आणि मेंदूचा अभ्यासही जवळपास हेच सांगतो.

आपल्या कानशिलाच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. धोक्याशी कोणकोणत्या गोष्टी जोडलेल्या होत्या, याची नोंद करणं हे त्याचं एक मुख्य काम. ही नोंद करायला त्याला एकच प्रसंग पुरतो. विनाकारण दहा वेळा पळालेला प्राणी जगतो आणि पळायला हवं तेव्हा एकदा न पळालेला मरतो, म्हणून उत्क्रांतीने त्याला असा घाईचा ठेवला आहे. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'घोडा' या शब्दावरून त्याचं नाव पडलं. आपण कुठे होतो, आजूबाजूला काय होतं, याची सांगड हा भाग घालतो. माझ्या बाबतीत चामड्याचा वास, टापांचा आवाज, घुंगरू, सगळं एकाच गाठोड्यात बांधलं गेलं होतं. दादरला त्यातला एकच धागा ओढला गेला आणि अख्खं गाठोडं हाती आलं.

मग 'लगेच परत बसा' हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला सल्ला बरोबर की चूक? अर्धा बरोबर. टाळल्याने भीती पोसली जाते. मी फुटपाथ बदलला तेव्हा जी सुटका वाटली, ती मेंदूसाठी बक्षीस होती. 'टाळलं म्हणून वाचलो' हा धडा त्याने गिरवला आणि पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं झालं. सल्ल्याचा उरलेला अर्धा भाग मात्र मला धोक्याचा वाटतो. पडल्यानंतर शरीरात ॲड्रेनलिनची लाट असते आणि त्या भरात दुखणं जाणवत नाही. डोक्याला मार लागला असेल तर चक्कर, उलटी, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. अशा माणसाला पुन्हा खोगिरावर बसवणं ही हिंमत नव्हे. आधी डॉक्टर. शिवाय थरथर कापत मारलेल्या दोन फेऱ्यांतून मेंदू काय शिकतो? घोड्यावर बसलं की थरथर होते, एवढंच.

मुंबईकराची आणखी एक अडचण आहे. कुत्र्याची भीती असलेल्या माणसाला या शहरात कुत्रा टाळता येत नाही, गल्लीत रोज गाठ पडतेच. घोडा मात्र सहज टाळता येतो. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि टापांचा रोजचा आवाज दक्षिण मुंबईतून जवळजवळ गेला. जनावरांचे हाल पाहता निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे इथे घोड्याला घाबरणारा माणूस वीस वर्षं घोड्याजवळ न जाता सुखाने राहू शकतो आणि त्याची भीती वीस वर्षं जशीच्या तशी राहू शकते. ती घालवायची तर घोड्यापर्यंत मुद्दाम जावं लागतं.

कसं जायचं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका लहान मुलाने दिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली त्याची हकिगत प्रसिद्ध केली. तीन वर्षांच्या आतबाहेरच्या या मुलाला लेखात पीटर म्हटलं आहे. त्याला सशाची जबर भीती होती. जोन्सबाईंनी पीटरला आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात, तो शांतपणे खात राहील इतक्या लांब ठेवला. मग रोज थोडा जवळ. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला ठेवली. शेवटी पीटर सशाला गोंजारू लागला.

मला या हकिगतीतला मधला भाग सर्वात मोलाचा वाटतो. उपचार चांगले चालले असताना पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि दोन महिने इस्पितळात राहावं लागलं. तिथून परत निघताना टॅक्सीत चढतानाच एक मोठा कुत्रा त्याच्या आणि नर्सच्या अंगावर धावून आला. दोघंही घाबरले. पीटर परत आला तेव्हा त्याची सशाची भीती पुन्हा पहिल्याइतकी झाली होती. कुत्रा वेगळा, ससा वेगळा, तरीही.

याचा अर्थ आधीची मेहनत वाया गेली असा नाही. शिकलेली गोष्ट पुसली जात नाही, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनाही कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. मावळलेली सवय काही काळ मध्ये गेला की आपोआप डोकं वर काढायची. पुढे मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन आणि इतरांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं की एका पेटीत बसलेली भीती दुसऱ्या पेटीत घालवली, तरी उंदराला पहिल्या पेटीत नेताच ती परत येते. होतं असं, की जुन्या आठवणीशेजारी 'इथे धोका नाही' अशी दुसरी आठवण तयार होते आणि कपाळामागचा मेंदूचा भाग तिच्या आधाराने अमिग्डालाला दाबून धरतो. आपण 'भीड चेपली' म्हणतो, 'पुसली' म्हणत नाही. चेपलेली गोष्ट हात सैल पडला की वर येते. म्हणून नवी आठवण बळकट हवी, आणि ती एकाच जागी, एकाच घोड्याबरोबर बांधून भागत नाही.

मी सुरुवात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर केली. १८८३ पासूनचं हे मैदान. हिवाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो, पहाटे घोड्यांचा सराव चालतो आणि सकाळी लोक चालायला येतात. पहिले आठ दिवस मी फक्त कठड्याच्या अलीकडून पाहिलं. घोडा समोरून गेला की भीती दहापैकी किती, हा आकडा वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी आठ होता, आठव्या दिवशी चार. आकडा उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढा एकच नियम.

मग एका ओळखीच्या तबेल्यात खरारा करायला, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करायला, जाऊ लागले. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची म्हातारी घोडी होती, शांत. घोड्यांची देखभाल करणारे तिथले सईस पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, मागून जाताना हात पाठीवर ठेवा, उचलू नका. तिला कळू दे तुम्ही कुठे आहात." या वाक्यामागे डोळ्यांचं अख्खं शास्त्र आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि त्याला मान न वळवता जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते अगदी शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. आंधळ्या जागेतून अचानक काही अंगाला लागलं की पळणाऱ्या जनावराला ते वाघासारखंच. रंगांचंही तसंच. घोड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. लाल-हिरव्यात तो गोंधळतो, निळा-पिवळा मात्र त्याला छान दिसतो. हे वाचलं तेव्हा माझा त्या पहिल्या घोड्यावरचा राग गेला. मातकट मैदानात त्याच्या दृष्टीने सगळ्यात ठळक गोष्ट फडफडली होती.

खरारा गोल गोल फिरवला की पोटाकडून धूळ निघते आणि हाताला ऊब लागते. माशी बसली की तेवढ्याच जागची कातडी थरथरते, कारण कातडीखाली तिला हलवणारा वेगळा स्नायू असतो. जिथे आयाळ संपते तिथे, मानेच्या मुळाशी, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. त्या जागी माणसाने खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. मी तिथे बोटं फिरवली आणि थोड्या वेळाने घोडीचा खालचा ओठ सैल पडला, लोंबायला लागला. त्या दिवशी वहीत आकडा लिहायचं राहून गेलं.

पुढची पायरी खोगीर. इथे घोड्याच्या मनाइतकंच आपल्या शरीराकडे पाहावं लागतं. स्वीडनमधला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. लोकांनी घोड्यांना हाताने धरून किंवा त्यांच्यावर बसून ठरलेलं अंतर चार वेळा पार करायचं होतं. चौथ्या वेळेआधी त्यांना सांगितलं, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ज्यांना छत्रीचं काहीच ठाऊक नव्हतं त्या घोड्यांचेही वाढले. घोड्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ पडतात, आपल्या निम्मे. तरीही आपली गडबड त्याच्यापर्यंत पोचते.

पोचते ती बरीचशी स्नायूंतून. घाबरलेला माणूस पुढे वाकतो, गुडघे आवळतो, टाचा वर उचलतो, लगाम घट्ट ओढतो. घोड्याला आवळलेले पाय म्हणजे 'चल' आणि ओढलेला लगाम म्हणजे 'थांब'. दोन्ही एकदम मिळाल्यावर त्याने काय करावं? उपाय श्वासात आहे. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या चेतातंतूमुळे हृदयाची गती किंचित कमी होते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. मला खोगिरावर श्वास मोजणं जमत नव्हतं, मी मोठ्याने पाढे म्हणायला लागले. बोलायला श्वास सोडावाच लागतो. बाराच्या पाढ्यापर्यंत टाच जड होऊन खाली येते आणि मांड बसते.

हेल्मेटबद्दल थोडं. त्यातला फोम धक्का बसला की चेपतो आणि पुन्हा फुगत नाही. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. बुटाला छोटी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून, पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जाऊन अडकत नाही. आणि अपघाताला महिना उलटूनही तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, झोप मोडत असेल, तर पायऱ्या एकट्याने चढू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. या त्रासावर चांगले उपचार आहेत.

माझाही 'टॅक्सीजवळचा कुत्रा' आला. सर्दी-तापात तीन आठवडे गेले. परत गेले तर घोडी शिंकली आणि माझे हात गार पडले. पीटर ठाऊक होता, म्हणून मी खचले नाही. दोन पायऱ्या खाली उतरले, पुन्हा खरारा, पुन्हा दोर धरून चालणं. यावेळी वर यायला चारच दिवस लागले. मग सईसांना सांगून घोडा बदलला, वेळ बदलली. कुमैत घोडीवरच, सकाळीच, त्यांच्याच हातात दोर असताना मी निर्धास्त होते आणि असा निर्धास्तपणा त्या एका पेटीपुरताच असतो.

या मेमध्ये तबेल्यात ताडपत्री आली. निळीच. एक चार वर्षांचा घोडा तिला बुजत होता आणि सईस त्याला शिकवत होते. मी विचारलं, दोर मी धरू का? पंधरा पावलांवरून सुरुवात केली. त्याचे कान ताडपत्रीवर रोखलेले, नाकपुड्या फुललेल्या. तो उभा राहिला तिथेच आम्ही थांबलो. त्याने मान खाली घातली, ओठ चाटले, की लगेच दोर सैल आणि पाठ वळवून दोन पावलं लांब. मग पुन्हा पुढे, आधीपेक्षा एक पाऊल जास्त. सशाचीच पद्धत. तिसऱ्या दिवशी वारा होता आणि ताडपत्रीचं टोक फडकलं. तो दचकला, मीही दचकले, दोर माझ्या हातात राहिला. मी तेराचा पाढा सुरू केला. तेरा साते एक्क्याण्णवला त्याने मान लांब करून ताडपत्रीचा वास घेतला, फुरफुरला आणि पुढचा उजवा खूर तिच्यावर ठेवला.