पेनड्राइव्हवरची सिस्टिम (हौशी रेडिओ)

पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्डावर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, कॉम्प्युटर तिच्यावरूनच बूट करायचा, आतल्या डिस्कला हात लावायचा नाही आणि त्यावर हौशी रेडिओची सॉफ्टवेअर चालवायची, अशी ही पद्धत. सिस्टिम बहुतेक वेळा लिनक्सच असते. हॅम मंडळी (परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारे) नुसतं 'लाइव्ह' म्हणतात. ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही सोयीची पडते कारण लॅपटॉप एकच, तो मुलांचा किंवा ऑफिसचा, आणि रेडिओ लावायचा तर कधी गच्चीवर कधी पारसिकच्या डोंगरावर न्यायचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा यूएसबीवरून बूट करणंच बंद केलेलं असतं, तिथे हा उपाय चालत नाही.

उगम : फ्लॅश मेमरीचं श्रेय तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांना देतात, त्यावर फारसा वाद नाही. १९८४ मध्ये त्यांनी ती मांडली आणि नँड प्रकार १९८७ च्या सुमारास आला. ती पुसली जाण्यावरून कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणून सहकाऱ्याने हे नाव सुचवलं, असं सांगतात. वाद आहे तो पेनड्राइव्हचा. इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने (बान, मोरान, ओग्दान) एप्रिल १९९९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, चीनच्या नेटॅकचा दावा त्याच सुमाराचा, आणि सिंगापूरच्या ट्रेकने २००० मध्ये 'थंबड्राइव्ह' बाजारात आणला. एम-सिस्टिम्सचा ८ एमबीचा 'डिस्कऑनकी' आयबीएममार्फत विकला गेला तोही साधारण २००० च्या अखेरीस. सिंगापूरच्या कोर्टात ट्रेकचं पेटंट टिकलं, ब्रिटनमध्ये पुढे रद्द झालं, म्हणजे पहिला कोण हे कुठल्या देशात विचारता त्यावर आहे. कागद आधीचा एम-सिस्टिम्सचा आणि दुकानातला माल आधी ट्रेकचा, असं मानणं त्यातल्या त्यात सुरक्षित वाटतं.

न बसवता चालणाऱ्या लिनक्सचंही तसंच. १९९२ च्या इग्द्रासिलला पहिली लाइव्ह सीडी म्हणतात, पण समोरचं हार्डवेअर स्वतः ओळखून कुठल्याही मशीनवर उठायचं ही सवय लावली क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्सने, २००० मध्ये. रेडिओच्या कामाला खरी गरज याच गुणाची, म्हणून इथे नॉपिक्सला जास्त मान. मेमरी कार्डावरून उठणारा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ चा.

सॉफ्टवेअर : डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी-८ सारखे मोड), एफएलडिजी (इतर डिजिटल मोड), जीप्रेडिक्ट (उपग्रह कुठे आहे ते दाखवणारं), डायरवुल्फ (पॅकेट रेडिओ) ही नेहमीची मंडळी. डेबियनमध्ये हॅम रेडिओचा वेगळा संचच आहे.

घड्याळ : लाइव्हवर सगळ्यात जास्त घोळ याचा होतो. एफटी-८ हा छोटे डिजिटल संदेश पाठवायचा मोड (२०१७, जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी; टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले) १५ सेकंदांच्या पाळ्यांवर (एका पाळीत एकाने पाठवायचं, पुढच्या पाळीत दुसऱ्याने) चालतो, त्यामुळे घड्याळ सेकंदभराच्या आत बरोबर लागतं. आता विंडोज लॅपटॉपच्या मदरबोर्डावरचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवतं आणि लिनक्स बहुधा तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं, म्हणजे लाइव्ह उठलं की वेळ साडेपाच तास पुढे. मजा अशी की साडेपाच तास म्हणजे पुरती ३३० मिनिटं, पाळी एका सेकंदानेही सरकत नाही, सम-विषमसुद्धा तेच राहतं, स्क्रीनवर डिकोड (उलगडलेले संदेश) धडाधड येतात, एफटी-८ च्या नेहमीच्या ७०७४ किलोहर्ट्झवर माणसं उत्तरं देतात आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. ती कळते लॉग (संपर्कांची नोंद) चढवल्यावर, कारण लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीत दोन्ही बाजूंच्या वेळा ३० मिनिटांच्या आत जुळाव्या लागतात. उलटही होतं, लाइव्हला नेट मिळालं की ते घड्याळ यूटीसीवर लावून मोकळं होतं आणि संध्याकाळी घरच्यांना विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसते, मग आपल्यालाच ऐकावं लागतं. डोंगरावर नेट नसेल तर यूएसबी जीपीएस लावून वेळ घेतात. पायच्या जुन्या मॉडेलांत तर बॅटरीवरचं घड्याळच नाही, तिथे नेट किंवा जीपीएस यातलं काहीतरी लागतंच.

साठवण आणि झीज : साध्या लाइव्हमध्ये मूळ सिस्टिम फक्त वाचता येते आणि बदल रॅममध्ये राहतात, बंद केलं की गेले. कॉलसाइन (हॅमची ओळखखूण), रिगची (रेडिओ सेटची) सेटिंग, लॉग टिकवायचा तर पर्सिस्टन्सची, म्हणजे बदल जपून ठेवायची, जागा वेगळी काढावी लागते, फॅट३२ वर ती एका फाइलीत केली तर ४ जीबीच्या आतच बसवावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे पेनड्राइव्हवर सरळ पूर्ण इन्स्टॉल करणं, पण मग लिहिणं सतत चालू राहतं आणि स्वस्त पेनड्राइव्ह त्यात लवकर जातो. डब्ल्यूएसजेटी-एक्स प्रत्येक डिकोड 'ऑल' नावाच्या टेक्स्ट फाइलीत जोडत जातं, ती फुगत राहते. वर सगळा आवाज सेव्ह करायचा पर्याय चालू राहिला तर एका पाळीची फाइल ३६० केबीची, तासाला २४० पाळ्या, म्हणजे जवळपास ८६ एमबी. ठाणे स्टेशनबाहेर काय किंवा ऑनलाइन काय, स्वस्तात मिळणारा '१२८ जीबी' आत ८ जीबीचाही निघू शकतो, म्हणून सिस्टिम टाकायच्या आधी एफ-३ सारख्या प्रोग्रामने भरून तपासलेला बरा.

ट्रान्समिट करताना : अँटेना जवळ असेल तर आरएफ (रेडिओ लहरी) यूएसबीच्या वायरीत शिरतं, पेनड्राइव्ह क्षणभर सुटतो आणि ज्याच्यावर सिस्टिम उभी तोच गेल्यामुळे सगळं गोठतं. वायरीवर फेराइटची कडी लावतात, पण लाइव्हला खरा उपाय बूट करताना 'टू-रॅम' हा पर्याय देणं, सिस्टिम पूर्ण रॅममध्ये चढते आणि पेनड्राइव्ह काढूनही ठेवता येतो. अर्थात मग लॉग कुठे सेव्ह होतोय ते बघून ठेवायचं. रिगशी बोलायला युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये असावा लागतो, पोर्ट दिसतोय पण उघडत नाही याचं कारण बहुतेक हेच.

सेटिंग : पर्सिस्टन्सवाला पेनड्राइव्ह दुसऱ्याला दिला की त्यात आपलाच कॉलसाइन असतो, तो व्हीयू-२ ने सुरू होणारा असो की व्हीयू-३ ने, बदलल्याशिवाय ट्रान्समिट करायचं नाही. लोकेटरही (नकाशावरच्या चौकोनाचा, म्हणजे आपल्या जागेचा, कोड) तसाच मागे राहतो. ठाणे आणि वाशी-नेरूळ दोन्ही एमके-६९ मध्येच येतात आणि एफटी-८ च्या सीक्यूमध्ये (कुणीही बोला अशी हाक) हीच चार अक्षरं जातात, म्हणून हवेत फरक पडत नाही. सहा अक्षरी लिहिताना मात्र ठाणे स्टेशनचा एमके-६९-एलई असतो आणि नेरूळचा एमके-६९-एमए, कारण ७३ अंश पूर्व रेखांश वाशी-नेरूळच्या मधून जातो.