क्रोएशियातील वाइनप्रदेश व द्राक्षांचे देशी वाण

एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रोएशियात द्राक्षलागवडीचे चार विभाग मानतात : स्लाव्होनिया व डॅन्यूबकाठ, डोंगराळ क्रोएशिया, इस्त्रिया-क्वार्नेर आणि डाल्मेशिया. स्लाव्होनियात ग्राशेव्हिना व इस्त्रियात माल्वाझिया हे पांढरे वाण प्रमुख होत. देशी वाणांची खरी श्रीमंती डाल्मेशियात आहे.

तेथील मुख्य काळा वाण प्लावात्स माली. अमेरिकेतील झिनफंडेल (नाशिक भागातही लावला जाणारा) तो हाच, असे मत क्रोएशियात जन्मलेले कॅलिफोर्नियातील वाइननिर्माते माइक गर्गिच यांनी मांडले होते. दोहोंतील साम्य लक्षणीय आहे; पण कॅलिफोर्नियातील द्राक्ष-आनुवंशिकीच्या अभ्यासक कॅरोल मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठातील इव्हान पेयिच व एडी मालेटिच यांनी १९९८ पासून केलेल्या डीएनए तपासणीत ते मत टिकले नाही. २००१ मध्ये स्प्लिटजवळ काश्तेला येथील एका जुन्या मिश्र बागेतल्या मोजक्या वेली झिनफंडेलशी तंतोतंत जुळल्या. त्यांचे स्थानिक नाव त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. प्लावात्स माली हे या वाणाचे व शोल्ता बेटावरील दोब्रिचिच या वाणाचे अपत्य ठरले. इटलीतील प्रिमितिव्हो आणि माँटेनेग्रोतील क्रातोशिया हेही तोच वाण. त्रिबिद्राग हे त्याचे नाव पंधराव्या शतकाइतके जुने असावे, म्हणून तेच अधिक ग्राह्य वाटते. उगम एड्रियाटिकच्या पूर्व किनाऱ्यावरचा म्हणता येतो. त्यापलीकडे एखाद्या गावावर बोट ठेवणे धाडसाचे होईल.

प्लावात्स मालीची उत्तम बाग पेल्येशात्स द्वीपकल्पातील डिंगाच उतारावर (या नावाला १९६१ पासून कायद्याचे संरक्षण) पाहावी. समुद्राकडे तोंड केलेल्या या उभ्या चढावर यंत्र चालत नाही. वेली मांडवाविना, झुडपासारख्या बुटक्या ठेवतात व काढणी हातानेच होते. उन्हाची तिरीप वरून, पाण्यावरून आणि पांढऱ्या खडकावरून अशी तिन्हीकडून लागते. अडचण घडात असते : एकाच घडात हिरवे, पिकलेले आणि मनुक्यासारखे सुकलेले मणी सापडतात. हिरव्यांसाठी थांबावे तर सुकलेल्यांतील साखर चढते, मद्यार्क १५ टक्क्यांवर जातो आणि यीस्ट दमल्याने किण्वन मध्येच अडून वाइनमध्ये गोडी उरते. लवकर काढावे तर तुरटपणा कच्चा लागतो. म्हणून काढणीवेळी घड निवडून घेणे अटळ ठरते.

कोर्चुला बेटावरील लुम्बार्डाच्या वाळूत गर्क हा पांढरा वाण टिकून आहे. त्याच्या फुलातील परागकण निकामी असल्याने शेजारी प्लावात्स मालीच्या ओळी लावतात. दोहोंचा फुलोरा एकाच वेळी न आल्यास, किंवा त्या दिवसांत पाऊस झाल्यास, घडात बिनबियांचे बारीक मणीच उरतात.