घरगुती वस्तूंमधील छुपे ग्लूटेन

गहू, जव आणि राय या धान्यांतील काही प्रथिनांना एकत्रितपणे ग्लूटेन म्हणतात. वरवर या धान्यांशी संबंध नसलेल्या, किंवा मुळात खाण्यासाठी नसलेल्या वस्तूंतून ते नकळत पोटात जाते, तेव्हा त्याला छुपे ग्लूटेन म्हटले जाते. सिलिअ‍ॅक रोग असलेल्यांसाठी हा रोजचा प्रश्न आहे. जगात साधारण शंभरात एकाला हा रोग असतो. ग्लूटेन पोटात गेले की रुग्णाची प्रतिकारयंत्रणा त्याच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे, बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. ग्लूटेन आयुष्यभर टाळणे हाच यावरचा उपचार.

टाळायचे म्हणजे किती टाळायचे, हे आकड्यांवरूनच समजते. गव्हाच्या ब्रेडच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असते. इटलीत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. म्हणजे एका कापाचा चाळिसावा भाग. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा अनेक देश पाळतात.

सर्वांत मोठा धोका स्वयंपाकघरात असतो, आणि तो बहुधा साध्या सवयींतून येतो. ब्रेडला लोणी लावलेली सुरी पुन्हा लोण्याच्या डब्यात जाते. तिच्या पात्याला चिकटलेले चार-दोन कण लोण्यात राहतात आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाच्या ताटात येतात. लाकडी लाटणे, भेगा पडलेली फळी, बारीक जाळीची चाळणी यांतले पीठ घासूनही पुरते निघत नाही. या वस्तू वेगळ्या ठेवलेल्याच बऱ्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात मात्र, सामायिक टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लूटेनमुक्त ब्रेडमध्ये ते मर्यादेच्या आतच आढळले. उलट गव्हाचा पास्ता उकळलेल्या पाण्यातच शिजवलेल्या ग्लूटेनमुक्त पास्त्यात ते मर्यादेच्या वर गेले. म्हणजे भीती आणि धोका नेहमी एकाच जागी नसतात.

भाजल्याने किंवा उकळल्याने ग्लूटेन नष्ट होत नाही. ते जंतू नसल्याने अल्कोहोलच्या सॅनिटायझरचाही उपयोग नाही. साबण, पाणी आणि नीट घासणे, एवढेच कामी येते.

लहान मुलांच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित वस्तू म्हणजे खेळण्याची रंगीत मऊ माती. ती अनेकदा गव्हाच्या पिठाचीच असते. मूल ती खात नाही म्हणून पालक निश्चिंत असतात. पण ती नखांत अडकते आणि तीच बोटे तोंडात जातात. कागदाच्या लगद्याच्या कलाकामासाठी केलेल्या खळीचेही तेच. पाळीव प्राण्यांच्या खाद्यात गहू असू शकतो, म्हणून ते वाढल्यावर हात धुवावेत. हवेत उडालेली पिठाची धूळ घशात अडकून गिळली जाते, हेही लक्षात ठेवावे.

सौंदर्यप्रसाधनांविषयी भीती गरजेपेक्षा जास्त आहे. ग्लूटेनचे रेणू मोठे असल्याने धड त्वचेतून ते शोषले जात नाहीत. म्हणून शाम्पूपेक्षा लिपस्टिक, टूथपेस्ट, गुळण्यांचे द्रावण अशा तोंडाशी येणाऱ्या वस्तू तपासाव्यात. घटकांच्या यादीत गहू ‘ट्रिटिकम व्हल्गेअर’, तर जव ‘हॉर्डियम व्हल्गेअर’ या नावाने दडलेला असतो. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार आहे, तिथे मात्र त्वचाही वाट ठरू शकते: जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना अशी अ‍ॅलर्जी जडली. औषधी गोळ्यांत भर म्हणून वापरलेला स्टार्च बहुधा मका किंवा बटाट्याचा असतो. शंका आल्यास औषध परस्पर बंद न करता औषधविक्रेत्याला विचारावे.

त्रास जाणवला नाही म्हणजे इजा झाली नाही, असे नसते. त्यामुळे रुग्णांची प्रतिपिंडांची रक्ततपासणी ठरावीक काळाने केली जाते. आहार काटेकोर असूनही तो आकडा खाली येत नसेल, तर शोध लोण्याच्या डब्यापासून सुरू करावा.