जुना पीसी पेन ड्राइव्ह का ओळखत नाही, त्यामागचा इतिहास

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कितीतरी मराठी घरांत अजून एखादा पेंटियमवाला पीसी चादर टाकून ठेवलेला असतो आणि तो भंगारात देववत नाही, कारण आत आजोबांनी टाइप केलेली वंशावळ असते, गणपती मंडळाचे हिशेब असतात, जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं असतात. मग कोणीतरी नवा पेन ड्राइव्ह आणून मागे लावतो, काहीच होत नाही, आणि सगळे म्हणतात पोर्ट गेलं. बहुतेक वेळा पोर्ट धडधाकट असतं. पोर्ट, ड्रायव्हर (म्हणजे ते यंत्र चालवायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि डिस्कचा फॉरमॅट (म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वर्षी आल्यात, तुमचा पीसी त्यातल्या कुठल्या वर्षाला थांबलाय ते बघितलं की अडलंय कुठे ते लगेच कळतं.

पेन ड्राइव्ह ज्या पोर्टात लागतो ते यूएसबी, त्याच्या आधी काय होतं ते आठवा. माउस-कीबोर्डला गोल पिना, प्रिंटरला ते रुंद पोर्ट, मोडेमला सिरियल, आणि काहीही नवीन लावायचं तर मशीन बंद करा, लावा, परत चालू करा. हा गोंधळ मिटवायला १९९४ पासून सात कंपन्या एकत्र आल्या, कॉम्पॅक, डेक, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. इंटेलकडून या कामात पुढे होते अजय भट्ट, आणि हे बडोदेकरांनी अभिमानानं सांगायलाच पाहिजे की त्यांनी इंजिनिअरिंग केलं ते आपल्या एमएस युनिव्हर्सिटीतून, ज्या फॅकल्टीचं मूळ सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात आहे. बायकोला घरी प्रिंटर जोडताना होणारा त्रास बघून हे डोक्यात आलं असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. आणि इंटेलनं त्यावर रॉयल्टी लावली नाही, ही माझ्या मते यूएसबी घरोघरी पोचण्यामागची सगळ्यात मोठी गोष्ट.

पहिलं स्टँडर्ड जानेवारी १९९६ चं. पण मदरबोर्डवर पोर्ट आधी आलं आणि विंडोज मागून आलं, म्हणजे मूळ विंडोज ९५ ला यूएसबी माहीतच नव्हतं, नंतरच्या एका आवृत्तीत कामचलाऊ सोय झाली, ऑफिसांतल्या विंडोज एनटी ४ मध्ये तर सोयच नव्हती. नीट सपोर्ट विंडोज ९८ पासून. तेही डळमळीतच, एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स स्टेजवर असताना डेमोत यूएसबी स्कॅनर लावला आणि निळी स्क्रीन आली. त्याच वर्षी ॲपलनं आयमॅकमधून फ्लॉपी काढून टाकली आणि यूएसबी दिलं, तेव्हा सामान बनवणाऱ्यांनाही तिकडे वळावंच लागलं.

आता खरी मेख. पेन ड्राइव्ह बाजारात आला २००० साली, एक सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा आणि दुसरा आयबीएमच्या नावानं विकला गेलेला, ८ एमबीचा. ८ एमबी आज काहीच वाटत नाही, पण फ्लॉपी १.४४ एमबीची होती. म्हणजे विंडोज ९८ बनलं तेव्हा ही वस्तू जगात नव्हती. यूएसबीला काही लावलं की ते कॉम्प्युटरला आधी आपली ओळख सांगतं, बनवणाऱ्याचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि मी कुठल्या जातीचं यंत्र आहे ते. विंडोज मी (मिलेनियम एडिशन) आणि विंडोज २००० मध्ये ‘साठवणुकीचं यंत्र’ एवढं कळलं की पुरे, कारण सगळ्यांना चालेल असा एकच ड्रायव्हर आत बसवलेला होता. ९८ मध्ये तो नाहीये, त्याच्या सुधारित सेकंड एडिशनमध्येसुद्धा नाही, म्हणून ते त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा ड्रायव्हर मागत बसतं. तेव्हा पेन ड्राइव्हच्या पाकिटात छोटी सीडी यायची ती याचसाठी. त्यामुळे ड्राइव्ह लावल्यावर ‘ॲड न्यू हार्डवेअर’ची खिडकी आली, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं, तर खूश व्हा, पोर्ट जिवंत आहे. पुढे ९८ वापरत राहिलेल्या लोकांनी सगळ्यांना चालणारं एनयूएसबी नावाचं पॅक बनवलं, सेकंड एडिशनवर ते टाकायचं, फक्त आधीचे अर्धवट पडलेले यूएसबी ड्रायव्हर काढून मगच. आणि काहीच हललं नाही तर एकदा बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) यूएसबी कंट्रोलर बंद तर नाही ना ते बघा, जुन्या बोर्डांवर तो ऑप्शन असायचा.

ड्रायव्हर बसला तरी लोक फॉरमॅटला अडकतात. पहिलं विंडोज ९५ फक्त फॅट१६ वाचायचं, २ जीबीपर्यंत. फॅट३२ आलं १९९६ मध्ये, ९८ त्यावर खूश आहे. पण आजचा ६४ जीबीचा ड्राइव्ह बऱ्याचदा एक्सफॅटमध्ये येतो, जे २००६ चं, आणि एनटीएफएस तर ९८ ला वाचताच येत नाही. एक्सपीलाही एक्सफॅटसाठी वेगळं अपडेट लागतं. म्हणून जुन्या पीसीसाठी ४ किंवा ८ जीबीचा साधा ड्राइव्ह शोधा आणि तो नव्या लॅपटॉपवर फॅट३२ करून आणा. जुन्या पीसीनं ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर हो म्हणू नका, आधी ड्राइव्हमध्ये काय आहे ते दुसरीकडे बघून घ्या.

पोर्टेबल हार्ड डिस्कचं दुखणं वेगळं, तिथे करंट कमी पडतो. जुन्या पोर्टचं माप ५०० मिलीअँपिअर, आणि डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढू शकते, मग टकटक आवाज येतो आणि ती गायब होते. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घ्या, नाहीतर दोन पोर्टांत लागणारी केबल, आणि पुढच्यापेक्षा मागचं पोर्ट वापरा.

स्पीडचं म्हणाल तर त्या पीसीवरचं पोर्ट यूएसबी १.१ चं, सेकंदाला १२ मेगाबिटचं, प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ एमबी, म्हणजे १ जीबीला सतरा-अठरा मिनिटं धरा. पत्रं आणि हिशेबांना तेवढं पुरतं. फोटो खूप असतील तर २००० साली आलेल्या यूएसबी २ चं पीसीआय कार्ड (मदरबोर्डच्या खाचेत बसतं ते) जुन्या सामानाच्या दुकानात मिळतंय का बघा, पण घेण्याआधी त्याचा ९८ चा ड्रायव्हर मिळतो का ते विचारा.