बदली कामगार

कायम कामगार कामावर आला नाही, तर त्याच्या जागी तेवढ्या पाळीपुरता घेतला जाणारा कामगार. ही पद्धत मुंबईच्या कापड गिरण्यांत चांगलीच रुजली होती. बदली लागली तर त्या दिवसाचा पगार, नाही लागली तर चालत खोलीवर परत.

कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी जाई. त्याची जागा भरायला माणसे हवीत, हे मालकांचे म्हणणे खोटे नव्हते. अपुरे मात्र होते. भोंग्याआधी दारात ताटकळणारा घोळका पाहून कायम कामगारही वचकून राही, आणि मंदीत माणसे कमी करायला कोणाला काढावेही लागत नसे. आत कोणाला घ्यायचे हे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ठरवी. त्याचा गाववाला, नातलग किंवा दस्तुरी (लाच) देणारा आधी आत जाई. विणखात्यात तर दलितांना प्रवेशच नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होईल, ही त्यासाठीची सबब.

शाही कामगार आयोगाने १९३१च्या अहवालात भरतीचे काम जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावे, असे सुचवले. १९३५पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डे आली. कार्डवाल्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असा नियम झाला. जॉबरचा हात आखडला, बदलीची अनिश्चितता तशीच राहिली.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफची, म्हणजे काम नाही म्हणून कामगाराला तात्पुरते बसवून ठेवल्याची, भरपाई आली, पण बदली कामगाराला नाव घेऊन तिच्यातून वगळले. वर्षभर सलग नोकरी झाली, तर मात्र या तरतुदीपुरता तो बदली मानला जात नाही. वर्षात २४० दिवस भरले की नोकरी सलग धरतात. म्हणून बदलीवाल्याच्या बोलण्यात पगाराइतकाच दिवसांचा हिशेब असे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे २.५ लाख कामगार उतरले. पगारवाढीसोबत बदलीवाल्यांना कायम करा, ही मोठी मागणी होती. मात्र १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, त्यामुळे सामंतांशी बोलणी करायला मालक बांधील नव्हते. संप फसला, पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या.

कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही हा शब्द भाषांतर न करता ‘बदली’ असाच आहे. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे.