प्लॉटवर जेसीबी आणण्याआधी : सोलापुरात माती खोदाई, भराव आणि पावसाच्या पाण्याच्या परवानग्या

जुळे सोलापूर, बाळे, शेळगी, कुमठे, होटगी रोड, कुठेही बघा. प्लॉटचं खरेदीखत झालं की पुढच्या आठवड्यात जेसीबी उभा. परवानगीचा विषय निघतो तो तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनाम्याला आल्यावर. तोवर चार-पाच ट्रिपा माती गेलेली असते आणि उरलेला ढीग रस्त्याच्या कडेला पावसाची वाट बघत असतो.

‘धूप नियंत्रण परवाना’, म्हणजे माती वाहून जाऊ नये यासाठीचा परवाना, असा एकच कागद आपल्याकडे मिळत नाही. हा विषय तीन टेबलांवर वाटलेला आहे. माती हे गौण (कायद्याने दुय्यम धरलेलं) खनिज, म्हणून महसूल खातं. जमिनीची ठेवण बदलणं हा विकास, म्हणून महापालिका किंवा नगररचना. शेजाऱ्याच्या रानात पाणी अडलं किंवा तुंबलं तर पुन्हा तहसीलदार, पण वेगळ्या कायद्याखाली. कोणत्या टेबलावर जायचं हे दोन प्रश्नांवरून ठरतं : खोदलेली माती कुठे जाणार, आणि पाऊस पडल्यावर पाणी कुठे जाणार. याची उत्तरं नकाशावर लिहून नेली तर निम्मं काम होतं.

कोणाला परवानगी लागते, कोणाला नाही

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या मोठी आहे. इमारतच उभी राहिली पाहिजे असं नाही. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम, ले-आउट पाडणं, भराव टाकून जमीन तयार करणं, हे सगळं तिच्यात येतं. त्यामुळे ‘अजून बांधकाम कुठे सुरू केलंय, नुसतं लेव्हल करतोय’ हे उत्तर चालत नाही. महापालिका हद्दीत अर्ज महापालिकेकडे, चिंचोळीसारख्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीकडे, आणि हद्दीबाहेरच्या गावांत महसूल व नगररचना यंत्रणेकडे.

शेतकऱ्याला यातून सूट आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ४३ नुसार नेहमीच्या शेतीकामात केलेली खोदाई, विहीरसुद्धा, आणि फक्त शेतात जाण्यासाठी केलेला रस्ता यांना विकास परवानगी लागत नाही. पण ही सूट शेतीपुरती. ‘शेततळं’ म्हणून खोदायचं आणि मुरूम डंपरने विकायचा, हा प्रकार तिच्यात बसत नाही. तिथे गौण खनिजाचे नियम लागतात.

अर्ज जमिनीच्या धारकाने करायचा. सातबारावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांचं संमतिपत्र लागतं. ठेकेदार अर्ज करणार असेल तर धारकाचं संमतिपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र जोडावं. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी शर्तींवर दिलेली, जमीन असेल तर आधी महसूल कार्यालयात शर्ती तपासून घ्या. वन, गायरान किंवा इतर सरकारी जमिनीत खासगी माणसाने अर्ज टाकून काही निघत नाही. भुईकोट किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी ना-हरकत लागते. नान्नज भागात माळढोक अभयारण्याचं बंधन आहे, तेही विसरू नये.

माती : ब्रास, स्वामित्वधन आणि पास

हिशेब ब्रासमध्ये होतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. समजा प्लॉट ४० बाय ६० फुटांचा आहे आणि सगळीकडे ५ फूट खोदायचं आहे. २,४०० चौरस फूट गुणिले ५, म्हणजे १२,००० घनफूट, म्हणजे १२० ब्रास. जुलै २०२१ पासूनच्या ६०० रुपये प्रति ब्रास दराने ७२,००० रुपये स्वामित्वधन (रॉयल्टी), त्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित भागांसाठीच्या) निधीचे १० टक्के. दर शासन वेळोवेळी बदलतं, म्हणून चलन काढण्याआधी तहसीलमधून चालू दर विचारून घ्यावा.

इथे एक गफलत हमखास होते. मोजणी खड्ड्याची होते, गाडीची नाही. खणलेली माती सुटी होऊन फुगते, त्यामुळे गाडीवाल्याचा आकडा खड्ड्याच्या आकड्यापेक्षा मोठा येतो. इंजिनिअरकडून खोदाईआधीच्या लेव्हल घेऊन ठेवल्या की नंतर वाद होत नाही.

आता मुद्द्याचं. माती प्लॉटबाहेर जाणारच नसेल तर? डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, साधी माती गौण खनिज ठरते की नाही हे तिचा वापर कशासाठी झाला यावर अवलंबून आहे. पायासाठी खणलेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला वापरली तर सरसकट स्वामित्वधन आणि दंड लावता येत नाही. पुढे राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांतही ही सवलत आली. पण ती सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. कुठे किती खोदाई, कुठे किती भराव, याचा आडवा छेद असलेला नकाशा इंजिनिअरच्या सहीने करून काम सुरू होण्याआधीच तहसील कार्यालयात द्यावा आणि पोहोच घ्यावी. नंतर दिलेल्या नकाशाला फारसं वजन राहत नाही.

माती बाहेर जाणार असेल तर अल्प मुदतीचा उत्खनन परवाना काढावा लागतो. ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीत अर्ज होतो. परिमाण थोडं असेल तर तहसीलदारांच्या पातळीवर, जास्त असेल तर प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे. जमीन उत्तर सोलापूर तालुक्यात आहे की दक्षिण, हे आधी बघा. शहराच्या कडेच्या गावांत लोक हमखास चुकीच्या तहसीलमध्ये जाऊन बसतात.

सोबत लागणारे कागद असे : डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमीवर १५ रुपयांत मिळतो) आणि आठ-अ, शहरात असेल तर मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखकडचा मोजणी नकाशा, गट नकाशावर खोदाईची जागा रंगवून, खोदाईच्या परिमाणाचा इंजिनिअरचा दाखला, मंजूर ले-आउट किंवा बांधकाम परवानगी असेल तर तिची प्रत, सहधारकांची संमती, ओळखपत्र आणि वाहनांची यादी. मंडळ अधिकारी स्थळ पाहणी करतात, अहवाल जातो, चलन भरायचं आणि परवाना निघतो. मोजणी नकाशा जुना असेल तर तिथेच गाडी अडते, म्हणून मोजणीचा अर्ज सगळ्यांत आधी टाकावा.

परवाना मिळाला म्हणजे सुटलो असं नाही. प्रत्येक खेपेला ऑनलाइन वाहतूक पास लागतो आणि गाडीला जीपीएस हवं. पास नसताना गाडी सापडली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली मातीच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ४८(८) खाली गाडी आणि यंत्र जप्त होतं, आणि ते सोडवायची रक्कम लाखांच्या घरात जाते. आणखी एक, कलमात काढणाऱ्याबरोबर गोळा करणारा आणि विल्हेवाट लावणाराही आहे. तुम्ही मुरूम विकत घेऊन भराव टाकत असाल तरी प्रत्येक खेपेच्या पासची प्रत स्वतःकडे ठेवा. ‘गाडीवाल्याने आणला, मला काय माहीत’ यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पाणी : ज्याची फी नाही म्हणून कोणी विचारत नाही

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. मातीला ब्रासचा दर आहे म्हणून तिची मोजदाद होते. वाहून जाणाऱ्या गाळाचं चलन निघत नाही, म्हणून तो कोणाच्या रजिस्टरला लागत नाही. नियमांत मात्र पाण्याबद्दल पुरेसं लिहिलेलं आहे.

२०२० च्या डिसेंबरपासून सोलापूरला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार नदी-नाल्याच्या काठापासून ठरावीक अंतर मोकळं सोडावं लागतं. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीत, बांधकामावर निर्बंध आहेत. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. काठ नीट दिसत नसलेला लहान ओढा तुमच्या जमिनीतून जात असेल तर परवानगीने त्याचा मार्ग तुमच्याच हद्दीत वळवता येतो, पण पाणी जिथून आत येतं आणि जिथून बाहेर जातं त्या दोन्ही जागा बदलता येत नाहीत. प्लॉट ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था सक्तीची आहे. २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते.

जिल्ह्याची पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ‘आपल्याकडे पाऊसच कुठे पडतो’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण इथला सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरचा, आणि तो बदाबदा पडतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. इथली काळी माती कोरडी असताना भेगाळते आणि पहिलं पाणी पिऊन घेते. एकदा फुगून भेगा मिटल्या की वरचं पाणी आत घेत नाही, नुसतं पळतं आणि सुटी माती घेऊन जातं. उघड्या प्लॉटवरची माती गटाराच्या चेंबरच्या जाळीशी येऊन बसते, ऊन पडलं की सिमेंटसारखी आवळते. मग ती पहारीने फोडावी लागते. कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सोलापुरात उगीच काढलेलं नाही. बांध, उताराला आडवी पेरणी, समपातळी चर हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. प्लॉटवर मात्र तो तेच विसरतो.

बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये म्हणून एक पान जास्त जोडायला आर्किटेक्टला सांगा : प्लॉटचा उतार, सध्या पाणी कुठून बाहेर जातं, काम चालू असताना ते कुठून जाईल, मातीचा ढीग कुठे असेल. खालच्या कडेला आडवा चर आणि त्याच्या टोकाला दोन-तीन फुटांचा गाळ बसायचा खड्डा दाखवा. ढीग रस्त्याच्या किंवा गटाराच्या कडेला न घालता प्लॉटच्या वरच्या बाजूला, आत. वरची काळी माती वेगळी काढून ठेवा, नंतर बागेला तीच लागते आणि भरावात ती घातली तर फरशी फुगते. डंपर बाहेर पडतो तिथे खडी टाकली की चाकांचा चिखल रस्त्यावर येत नाही. खोदाई मे महिन्यात संपवून पाया जोत्यापर्यंत आणता येत नसेल तर ती दिवाळीनंतर काढावी, असं मी तरी सुचवेन.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी, मिळाल्यावरच खोदाईला हात लावायचा. ते एक वर्ष चालतं, नूतनीकरण करून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येतं. त्यावरच्या अटी वाचा. मलबा आणि माती रस्त्यावर किंवा गटारात जाऊ न देण्याची अट त्यात असतेच.

शेजाऱ्याच्या भरावाने तुमच्याकडे पाणी तुंबलं तर

वरच्या रानाचं नैसर्गिक पाणी खालच्या रानातून जाऊ द्यावं लागतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वरच्या धारकाचा हा हक्क मान्य आहे. खालच्याने भराव टाकून किंवा भिंत बांधून ते अडवलं आणि वरचं पीक पाण्यात गेलं, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मुदत ६ महिन्यांची, अडथळा निर्माण झाल्यापासून. दोन्ही बाजूंची नावं, वय, धंदा, पत्ता, गट नंबर, अडथळा कुठे आणि कसा, तो कधी केला, साक्षीदार आणि कागदांची यादी, एवढं अर्जात हवं. सोबत सातबारा, गट नकाशा आणि पाणी तुंबलेलं असतानाचे तारखेसह फोटो. पाणी ओसरल्यावर काढलेला फोटो काही सांगत नाही.

हे कलम शेती, चराई, झाडं किंवा पिकांच्या जमिनीपुरतं आहे. शहरातल्या बिगरशेती प्लॉटला ते चालत नाही. तिथे आधी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार करा आणि आवक क्रमांक घ्या. सार्वजनिक वाट किंवा ओढा अडला असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १३३ ते हेच. मामलेदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण (रिव्हिजन) मागता येतं.